ब्रशानं भरलेला भांग

"दहाला या म्हणत्यात, बाराला येत्यात, आन् वर इचारत्यात, डोकं धुऊन आलाय का... धुतलं होतं की. हितं बसून बसून मळलं."

हे तो मला म्हणाला नव्हता. स्वतःच्या गुडघ्यांना म्हणाला होता. पण तिघांच्या बाकड्यावर आम्ही पाच जण बसलेलो, त्यामुळे त्याची कुरकुर थेट माझ्या कानात पडत होती. हसू फुटू नये म्हणून मी ओढणीचं टोक दातात धरलं.

"हसा की मोकळ्यानं," तो म्हणाला. अजूनही माझ्याकडं न बघता. "हसायला हितं नंबर लागत न्हाय."

चौऱ्याण्णव सालचा जुलै होता. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, पुण्याहून कातडीच्या डॉक्टरीणबाई बारामतीत यायच्या. औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत चिंतामण कंपाउंडर नंबर द्यायचा, आणि त्या खोलीत नायटे, खरूज, पांढरे डाग असे सगळे दाटीवाटीनं बसायचे. त्यात आम्ही केसवाले. म्हणजे केस नसलेले.

माझ्या दुसऱ्या बाजूला आई होती. शकुबाई. आमच्या कळस गावाहून निघाल्यापासून तिनं तीनदा माझी ओढणी पुढं ओढली होती. शेजारच्यानं एवढं बोलल्यावर चौथ्यांदा ओढली.

मी चोरून बघितलं. अठ्ठाविसेक वर्षांचा असेल. उभट चेहरा, खिशाजवळ काळे डाग पडलेला शर्ट, बोटांची टोकं पिवळी. आणि डोक्यावर पांढरी टोपी, कडक इस्त्रीची, म्हाताऱ्यांनी पाराखाली बसताना घालावी तशी. त्या वयाच्या पोरानं तेव्हा असली टोपी घातली तर एकच अर्थ निघायचा.

"रविराज, इंदापूर," चिंतामणनं पुकारलं.

तो आत गेला. मधला पडदा अर्धाच ओढलेला होता. मी बघायला नको होतं. पण बघितलं. टोपी काढून तो खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या टाळूवरची कातडी घासलेल्या पातेल्यासारखी चकाकली, आणि तिच्या कडेनं लाल रेघ होती. तशीच लाल रेघ माझ्या भांगाच्या दोन्ही बाजूंनी होती. मी रोज आरशात बघायची ती.

बाहेर येताना त्यानं टोपी हातातच धरली होती. माझ्याजवळ आला तशी ती डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "जा आता. त्या चावत न्हाईत. सुई तेवढी चावती."

* * *

माझं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी भांग जरा रुंद दिसायला लागला. आई म्हणाली, वेणी घट्ट घालतेस. मग खाज सुटली, मग आग. रात्री उशीला डोकं लावलं की मिरची चोळल्यासारखं व्हायचं. मावशीनं चाई ठरवली आणि गुंज उगाळून चोळली. मग बाजारातल्या एका माणसाचं हिरवं तेल झालं. प्रत्येकानं सांगितलं, येतील केस. आणि प्रत्येक महिन्याला भांग बोटभर पसरला. बाविसाव्या वर्षी मी भांगाच्या मधोमध बोट ठेवायची तेव्हा ते सरकत जायचं. काही लागतच नव्हतं बोटाला.

डॉक्टरीणबाईंचं नाव मालती. त्यांनी कंगव्याच्या शेपटीनं केस बाजूला केले आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं. इतका वेळ माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं, आणि ते असं.

"वयानं किंवा घराण्यामुळं केस विरळ होतात ना, त्यात केस बारीक होतो, पण मूळ जिवंत असतं," त्या म्हणाल्या. "हिचं वरून तसंच दिसतंय. पण तसं नाही. हिच्या मुळांभोवती सूज आहे, आणि सूज ओसरली की तिथं व्रण राहतो. हे बघा, इथं कातडीला छिद्रंच दिसत नाहीत. लहानसा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवू, म्हणजे नक्की कळेल."

"पर केस येत्याल ना, बाई?" आईनं विचारलं.

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या. लिहीतच म्हणाल्या, "आधी सूज थांबवायची. जे आहेत ते वाचवायचे."

"आन् गेल्यालं?"

पेन थांबलं. त्यांनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तेव्हाच काय ते ओळखलं. जिथं मूळच उरलं नाही तिथं काय उगवणार. हे सांगायला डॉक्टरची पदवी लागत नाही. पण आईचा चेहरा बघून त्या एवढंच म्हणाल्या, "बघू."

तो 'बघू' आईनं पिशवीत घालून घरी नेला. कळसला पोचेपर्यंत त्याचा 'येतील' झाला होता.

तात्या, म्हणजे माझे वडील तात्याबा, ओट्यावर बसले होते. त्यांनी माझी ओढणी सारून डोक्यावरून हात फिरवला. तीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस. कातडीवरचा कुठला डाग भरून लोकर येते आणि कुठल्यावर जन्मात येत नाही, हे त्यांच्या बोटांना भिंगाशिवाय कळत होतं. बोटं क्षणभर थांबली. मग ते उठले आणि विहिरीकडं निघून गेले. त्या दिवशी पाण्याची पाळी आमची नव्हती.

* * *

तुकड्याचा कागद पंधरा दिवसांनी आला. निदान तेच ठरलं. दर चौथ्या गुरुवारी डोक्यात बारीक बारीक दहा-बारा इंजेक्शनं, त्या लाल कडेच्या रेघेवर. रात्री लावायला मलम. आणि गोळ्या. त्या गोळ्यांनी एक घोळ झाला. दुकानदार सहज बोलून गेला की या हिवतापाच्यासुद्धा असतात. आई तिथंच बिथरली. पोरीला हिवताप असल्याचं गावात झालं तर केसांचं राहू दे बाजूला. तिनं महिनाभर गोळ्या कणगीत दडवून ठेवल्या आणि मला रोज एक चमचा तीळ चारले.

पुढच्या खेपेला मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं, गोळ्या चालू असताना तपासावे लागतात म्हणून. तेव्हा ते उघडं पडलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. चिंतामण मात्र म्हणाला, "मावशी, पोरगी हाय, पेरणी न्हाय. तीळ कशाला?"

बाकड्यावर टोपी हसली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. तोच.

त्यानंतर शेतातल्या कामामुळं आई यायची थांबली. मी एकटी एसटीनं यायची. आणि तो असायचाच. बाकड्याच्या कडेची जागा हातरुमालानं धरलेली असायची. मी आले की रुमाल उचलला जायचा, जणू तो चुकून पडला होता.

"तुमचाबी चौथा गुरुवार?" मी एकदा विचारलं.

"हां... म्हंजे योगायोग."

"कसला योगायोग," चिंतामण नंबराच्या चिठ्ठ्यांमागून म्हणाला. "हे पयल्या गुरुवारचं गिऱ्हाईक. माझ्या मागं लागून तारीख फिरवून घेतली."

त्यानं टोपी काढली, बघितली, परत घातली. कान मात्र लाल झाले. मी भिंतीवरचं खरजेचं चित्र बघत बसले. एवढ्या घाण चित्राकडं इतक्या आनंदानं कुणी बघितलं नसेल.

"तुमचं बरं," मी त्याला नंतर म्हणाले. इंजेक्शनानंतर आम्ही स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्याशी उभे होतो. डोकं ठणकत होतं दोघांचं. "पुरुषाचे गेले तर लोक म्हणत्यात, घरात पैसा येणार. बाईचे गेले तर म्हणत्यात, काय पाप केलं असंल."

"माझ्याकडं आला न्हाय अजून. फाट्यावर उतरला असंल चुकून." मग म्हणाला, "मला दोन वर्षं सगळे म्हणाले, बापाला टक्कल, आज्याला टक्कल, तुला जरा लवकर आलं. मीबी तेच धरून चाललो. पर बापाचं कधी खाजत न्हवतं... रात्री उठून बसायचा न्हाय तो. टकलाला माणूस हसतोय म्हणून कुणी बघतच न्हाय नीट."

मी विचारलं, "तुमाला काय सांगितलं त्यांनी? पुढचं?"

तो ग्लासात बघत राहिला. तळाशी बर्फाचा खडा होता. "रस लई गोड केलाय यानं," तो म्हणाला.

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा असेलही. आम्ही दोघं एकाच भांड्यावर झाकण धरून उभे होतो.

नोव्हेंबरात एकदा अवकाळी आला. परतीची गाडी लासुर्ण्याच्या पुढं असताना खिडकीतून पाण्याचा सपकारा माझ्या तोंडावर बसला. कारखाने सुरू झालेले. हवेत मळीचा आंबूस वास आणि पाण्यात बारीक काजळी. मी ओढणीनं तोंड पुसायला गेले तर ओढणी काळी झाली. कारखान्याची नव्हती ती काजळी. आई रोज सकाळी नारळाची करवंटी जाळून, एरंडेलात खलून माझा भांग भरायची; दवाखान्याच्या दिवशी तपासून झाल्यावर मीच डबीतून भरायची. ते सगळं ओघळून कपाळावर, नाकावर आलं होतं. समोरच्या सीटवरचं पोर बघून रडायला लागलं.

मी खाली मान घातली. शेजारी बसलेल्या रविराजनं रुमाल पुढं केला, आणि मी तोंड पुसेपर्यंत खिडकीकडं तोंड करून मोठ्यानं सांगत राहिला, की यंदा उसाला तुरा लवकर आलाय, आणि लासुर्ण्याची वांगी कशी गोड, आणि बावड्याला त्याच्या चुलत्याची म्हैस एकदा एसटीच्या टपावर कशी... म्हैस टपावर चढणं शक्य नव्हतं. पण त्यानं ती चढवली, फक्त मला वेळ मिळावा म्हणून.

"पुसलं?" शेवटी त्यानं विचारलं.

"व्हय."

"मग म्हैस उतरवतो."

कळस फाट्याला उतरताना मी मागं वळून बघितलं. काचेला आतून वाफ धरली होती. त्यानं ती पिवळ्या बोटांनी पुसली. एवढंच.

* * *

डिसेंबरात आई म्हणाली, स्थळांना दाखवायला फोटो काढू. इंदापूरला एक फोटोवाला चांगला आहे म्हणतात. रंगीत काढला की रीळ धुवायला पुण्याला जातं, आठ दिवस लागतात. हा साधा काळा-पांढरा काढून चौथ्या दिवशी देतो.

स्टुडिओच्या दारात पोचलो आणि आईनं माझा हात घट्ट धरला. काउंटरमागं टोपी होती.

शर्टावरचे काळे डाग, पिवळी बोटं... मला तेव्हा उलगडा झाला. फोटो धुण्याच्या औषधांचे डाग ते.

"तुमी दवाखान्यातलं," आई हळू आवाजात म्हणाली. "हे बगा, तितलं हितं बोलायचं न्हाय कुणाला."

"मावशी, माझा सगळा धंदा अंधाऱ्या खोलीतला," तो म्हणाला. "तितलं बाहेर येत न्हाय."

त्यानं मला स्टुलावर बसवलं. मागं डोंगर-तळ्याचा रंगवलेला पडदा. गंगावन लावून आईनं जाड वेणी घातलेली, ती खांद्यावरून पुढं घेतली. तो जवळ आला, हनुवटीला बोट न लावता हवेतच बोटानं दाखवलं, जरा खाली... जरा डावीकडं. दिव्यांचा उजेड डोक्यावर पडला की भांग उघडा पडायचा, म्हणून तो दिवा हलवत राहिला. एकदा, दोनदा, पाचदा. कपाळाला घाम आला त्याच्या.

"हसा," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. मग हळूच, "म्हैस टपावर हाय अजून."

मी हसले. तेच हसू पुढं सगळ्यांनी नावाजलं.

चौथ्या दिवशी मी एकटीच फोटो आणायला गेले. पाकिटातून पहिली प्रत काढली आणि दाराच्या उजेडात धरली. फोटोत मी होते, दोन वर्षांपूर्वीची. भांग कसा, पेनानं रेघ मारावी तसा बारीक, आणि दोन्ही बाजूंनी दाट केस. प्रत जरा तिरपी धरली की दिसायचं, काळी शाई. एकेक केस ब्रशानं काढलेला. सहा प्रतींवर, सहा वेळा.

"किती रात्री लागल्या?" मी विचारलं.

"तुमच्या आईनं सांगितलं न्हवतं," तो घाईनं म्हणाला. "माझं मीच... सगळ्याच पोरींचं करावं लागतं थोडं. कुणाचा मुरमाचा डाग, कुणाचं नाक. पर तुमचं करताना... हात थांबंना."

"लई छान झालंय."

"झालंय न्हवं?"

आम्ही दोघं त्या फोटोकडं बघत उभे राहिलो. मी इतका कधी कुणाचा हेवा केला नव्हता जितका त्या फोटोतल्या मुलीचा केला. ती त्यानं घडवलेली होती. मी नुसती स्टुलावर बसले होते.

"खरं सांगाल?" मी म्हणाले. "येतील माझे केस?"

त्यानं काउंटरवरचा ब्रश उचलला, पुसला, परत ठेवला. बाहेर एक ट्रॅक्टर उसाच्या मोळ्या घेऊन गेला.

"येतील की," तो म्हणाला.

मी पाकीट घेऊन निघाले. खोटं बोलला म्हणून राग आला नाही. इतकं वाईट खोटं बोलला म्हणून रडू आलं.

* * *

फोटो सुप्याला गेला आणि तिथून होकार आला. मुलगा शंभूराज, दूध डेअरीत नोकरीला. भला माणूस असावा. त्याच्याविरुद्ध मला आजही काही म्हणायचं नाही. फेब्रुवारीतला रविवार ठरला. बघायचं आणि पसंत पडलं तर तिथंच सुपारी फोडायची.

"त्या इंदापूरच्यालाच बोलवू फोटोला," आई म्हणाली. "त्याला ठाऊक हाय कुठनं काढायचा."

तात्या म्हणाले, "शके, त्यांना आधी सांगू या का..."

"काय सांगायचं? थोडं इरळ झालंय, औषध चालू हाय. लग्नापातूर येत्यात."

तात्यांनी पायताण घातलं आणि विहिरीकडं गेले.

त्या जानेवारीच्या गुरुवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लाली कमी झालीय, पसरायचं थांबलंय, औषध लागू पडतंय. मला हायसं वाटलं होतं. जे उरलेत ते राहतील, एवढ्यावर माणूस जगू शकतं. बाहेर येऊन मी रविराजला ते सांगितलं. त्याचंही थांबलं होतं. आम्ही रस प्यायलो. मग मी सुपारीचं सांगितलं.

"मला निरोप आलाय," तो म्हणाला. "फोटोला."

"येणार?"

"धंदा हाय."

"मग या."

"येतो की..." तो म्हणाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एकाच गाडीत वेगवेगळ्या सीटवर बसलो.

* * *

रविवारी माणसं आली. मुलगा, त्याचे वडील, आणि त्याची चुलती धोंडाबाई. तिच्या हातात माझा फोटो. रविराज कोपऱ्यात तिवई लावून उभा होता. माझ्याकडं बघितलं ते फक्त कॅमेऱ्यातून.

पोहे झाले, चहा झाला. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, शिवणकाम येतं का. मी पदर डोक्यावर घेऊन पाटावर बसलेले. पदराखाली करवंटीची काजळी, मागं गंगावन. घामाचा एक थेंब कानामागून उतरत होता, तो काळा आहे की पांढरा एवढाच विचार माझ्या डोक्यात.

"पोरगी पसंत हाय," मुलाचे वडील म्हणाले. तात्यांच्या पुढ्यात ताटलीत सुपारी होती.

"आधी कुंकू लावून वेणी माळते," धोंडाबाई म्हणाली. आमच्याकडं तशी रीतच आहे. मुलाकडच्या बाईनं मुलीच्या केसात फुलं माळायची, मग सुपारी. अबोलीची वेणी पुड्यातून काढून ती उठली.

आई तिच्याआधी उठली. "द्या हिकडं, मी माळते. तुमी कशाला तरास घेताय."

"आवो, रीत हाय."

"रीत हाय खरी... पर तिची वेणी लई घट्ट हाय, मला ठाऊक हाय कुठं खोचायचं." आईचा हात पुढं. त्या हाताकडं बघवेना मला. दोन वर्षं रोज सकाळी करवंटी जाळणारा हात.

मी कोपऱ्याकडं बघितलं. रविराजनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला होता. तो नुसता उभा होता, चेहऱ्यासमोर काही न धरता.

सुपारी फुटली असती. धोंडाबाईला लग्नानंतर कळलं असतं. मग त्या घरात मी रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून करवंटी जाळली असती.

"काकी," मी म्हणाले, "तुमीच माळा." आणि पदर खाली घेतला.

धोंडाबाई माझ्या मागं आली. तिची बोटं केसात शिरली. गंगावनाची गाठ लागली. बोटं थांबली. मग वर सरकली, भांगावर, आणि तिथं लागलेलं काळं तिनं अंगठ्यावर बघितलं. वाईट बाई नव्हती ती. तिनं ती वेणी तशीच, जिथं खोचता आली तिथं, अलगद खोचली. अंगठा लुगड्याला पुसला.

"ऊन लई झालं," ती पुरुषांकडं बघत म्हणाली. "सुप्याला पोचायला उशीर व्हईल. घरी इचार करून कळवतो."

"सुपारी..." मुलाचे वडील म्हणाले.

"कळवतो म्हणलं न्हवं."

सगळ्यांनी नमस्कार केले. जीप सुरू झाली, धूळ उडाली, खाली बसली.

* * *

घरात बारा माणसांचा स्वयंपाक होता आणि आम्ही तिघं. रविराज तिवई मिटत होता. आई चुलीपुढं बसली होती, पाठ आमच्याकडं.

"माझी चूक हाय, मावशी," रविराज म्हणाला. "फोटो मी तसा करायला नको हुता. नुसता होता तसा दिला असता तर ही येळ..."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"जेवून जा," तात्या म्हणाले. "तुमाला उपाशी लावून दिलं तर ते येगळंच पाप."

पाट मांडले. आईनं वाढलं. पुरणपोळी, आमटी, कुरडई. माझा पदर खांद्यावरच होता. दोन वर्षांत पहिल्यांदा घरात मी उघड्या डोक्यानं वावरत होते. काजळी निम्मी पुसलेली, अबोली तिरकी. तात्यांनी एकदा बघितलं आणि या वेळी विहिरीकडं गेले नाहीत.

रविराजनं जेवायला बसताना टोपी काढून मांडीखाली ठेवली होती, जेवताना काढतात तशी. दोघांची डोकी समोरासमोर. मला उगाच हसू आलं. त्यालाही आलं असावं, कारण त्यानं पोळीचा घास उगाच लांबवला.

"येत्या गुरुवारी बारामती हाय यांची," तो आमटीकडं बघत म्हणाला. "मी जाईन संगं."

आईची पळी थांबली. "संगं म्हंजे?"

"संगं म्हंजे... संगं." त्यानं घोट गिळला. "त्याच्या पुढच्या खेपंलाबी. आन् त्याच्या पुढच्या. तिची... यांची ना नसंल तर."

तात्यांनी ताटात बघितलं. मी कुरडई मोडली, ती नको तेवढी वाजली.

"माझी ना न्हाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "ना न्हाय."

आई पळी हातात धरून खाली बसली. बराच वेळ माझ्या डोक्याकडं बघत राहिली. नीट, डॉक्टरीणबाईंनी बघितलं होतं तसं. मग तिनं हात पुढं करून माझ्या भांगातली उरलेली काजळी पदरानं पुसून काढली, कडेपासून कडेपर्यंत, आणि रविराजकडं वळली.

"पोरीचे गेलेले केस आता येणार न्हाईत," ती म्हणाली. "एकबी न्हाय. उद्या म्हणू नका, कुणी सांगितलं न्हवतं."